क्विनोआत निजलेल्या शहाऐंशी डब्या

डॉन नेमेसियो कोल्केच्या कमरेला तारेत ओवलेली एक किल्ली अठरा वर्षं लटकत होती. किल्ली फाटकाची, फाटक कोल्यारी गावाबाहेरच्या यंत्रांच्या यार्डाचं आणि यार्ड कंपनीचं. मिठाच्या मैदानाखालचं खारं पाणी उपसायचं, तलावांत वाळवायचं आणि त्यातून लिथियम काढायचं, हा कंपनीचा धंदा. त्यासाठी पंप, जनरेटर, लोडर, दिव्यांचे खांब अशी शहाऐंशी यंत्रं होती. काही रोज संध्याकाळी यार्डात परत येत, काही महिना महिना तलावाकाठीच पडून असत. कुठलं कुठं आहे ते नेमेसियोला विचारायचं, अशी रीत होती.

नेमेसियो क्षणभर डोळे मिटायचा. "एक्केचाळीस नंबरचा पंप ना? सातव्या तलावाच्या बांधावर, उत्तरेच्या कोपऱ्यात. उजवं चाक नरम आहे, ओढताना जपा." आणि पंप तिथंच असायचा, चाकासकट. अठरा वर्षांत एकही यंत्र हरवलं नाही की एकही चोर भिंत चढून आत आला नाही. त्याचं घर यार्डाच्या मागच्या भिंतीला लागूनच होतं आणि झोपतानाही तो किल्ली काढत नसे. त्याची बायको डोन्या प्रिमितिवा शेजारणींना सांगायची, "मी नवऱ्याशी लग्न केलं, पण बिछान्यात फाटकच येऊन निजलं."

पण कंपनीचं मुख्य कार्यालय खाली सांताक्रूझला, आणि ते शहर म्हणजे हिवाळ्यातही पंखे लावणारं. तिथं बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांच्या लक्षात आलं की, कंपनीच्या एवढ्या मालमत्तेचा पत्ता फक्त एका म्हाताऱ्याच्या डोक्यात आहे. म्हातारं डोकं आजारी पडतं, मयताला जातं, कधी बिअर पितं. हे काही बरं नाही, असं ठरलं.

म्हणून जुलैत इंजिनिअर एर्लान रोका वर आला. अंगात तीन जाकिटं, गालात कोकाची पानं आणि विरळ हवेनं धरलेलं डोकं. सोबत एका खोक्यात शहाऐंशी काळ्या डब्या.

"डॉन नेमेसियो, आता तुम्ही निवांत," एक डबी पुढं करत तो म्हणाला. "ही चुंबकानं यंत्राला चिकटते. यंत्र उभं असलं की ही झोपते, दिवसातून एकदाच 'मी इथं आहे' एवढं सांगते. यंत्र हललं की जागी होते आणि सांगत राहते. तिकडं आम्हाला नकाशावर ठिपका दिसतो. बॅटरी पाच वर्षं बघायला नको."

"आणि थंडीत?"

"कसली थंडी?"

नेमेसियोनं त्या तीन जाकिटांकडं एकदा बघितलं आणि डबी हातात घेतली.

सांताक्रूझच्या कार्यालयात भिंतभर पडदा लागला आणि त्यावर शहाऐंशी हिरवे ठिपके उमटले. सरव्यवस्थापकांना ते फार आवडले. ते पाहुण्यांना ठिपके दाखवायला आणू लागले. मात्र ठिपके फारसे हलत नाहीत ही त्यांची तक्रार होती. पाहुण्यांसमोर शोभा होते. म्हणून त्यांनी हुकूम दिला, की डब्यांनी झोपायचं नाही, दर दोन मिनिटांनी बोलायचं. डब्या बोलू लागल्या. कोल्यारीत रात्री पाणी बादलीतच दगड होतं, अशा गारठ्यात त्या दर दोन मिनिटांनी कुडकुडत हजेरी देत राहिल्या आणि पाच वर्षांच्या बॅटऱ्या नोव्हेंबरात मेल्या. ज्या लिथियमच्या त्या बनल्या होत्या, ते याच मातीतून निघालेलं. सात समुद्र ओलांडून पोरी माहेरी आल्या आणि माहेरच्या थंडीनंच मेल्या.

आता खरं तर पडद्याकडं बोट दाखवायला हवं होतं. पण आजार रेड्याला आणि औषध पखालीला, ही रीत सगळीकडं सारखीच. कार्यालयानं ठरवलं की डब्या नीट सांभाळल्या जात नाहीत. नव्या बॅटऱ्या आल्या आणि त्यांच्यामागोमाग परिपत्रकं सुरू झाली. पहिल्यानं डब्यांना पुन्हा झोपायची परवानगी दिली. दुसऱ्यानं बजावलं की यंत्र हललं की डबी जागी होते आणि बॅटरी खाते, सबब यंत्रं विनाकारण हलवू नयेत.

लोडर चालवणारा सिप्रियानो हा नेमेसियोचा जिवाभावाचा दोस्त. नेमेसियोच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून तोच उभा राहिला होता. तो परिपत्रक वाचून म्हणाला, "म्हणजे लोडर हलवायचा नाही? मग काय करायचं त्याचं, उदबत्ती लावायची?"

"लेखी परवानगी मागायची," नेमेसियो म्हणाला.

"कुणाची?"

"माझी."

"मग दे."

"माझ्याकडं कागद नाही. कागद सांताक्रूझहून येणार आहे."

महिन्याच्या शेवटी 'आदर्श यंत्र' असं प्रशस्तिपत्र निघालं. ते मिळालं सतरा नंबरच्या जनरेटरला, बॅटरी अठ्ठ्याण्णव टक्के. त्याचं इंजिन तीन वर्षांपूर्वीच काढून विकलं होतं आणि आत कोंबडी अंडी घालायची. नेमेसियोला त्याच्या शेजारी उभं करून फोटो काढला. कोंबडीही फोटोत आली.

चौथं परिपत्रक सर्वांत शहाणं. यंत्रावरून कुणी डबी उपटली तर ती बोंब मारायची, अशी सोय होती. पण ती सोय सतत कान टवकारून बसायची आणि त्यासाठी थोडी बॅटरी खायची. म्हणून काटकसरीसाठी ती बंद केली. चोर येऊ नये म्हणून कुत्रा पाळला आणि भाकरी वाचावी म्हणून त्याचं तोंड शिवलं.

डिसेंबरात रोका एक पत्र घेऊन आला. कार्निव्हलनंतर तपासणी होईल, तेव्हा बॅटरीची सरासरी ऐंशीच्या खाली सापडली तर यार्डरक्षकाचं पद रद्द करण्यात येईल.

नेमेसियोनं ते पत्र तीनदा वाचलं. तो बासष्ट वर्षांचा होता. मुलगी सीमेपलीकडं चिलीत जाऊन राहिलेली. सकाळी उठून फाटक उघडायचं आणि संध्याकाळी लावायचं, याशिवाय दिवसाला आकार कसा देतात हे त्याला माहीतच नव्हतं. त्याला भीती वाटली. त्यानं पत्र घडी करून टोपीत खोचलं.

"काय लिहिलंय?" प्रिमितिवानं विचारलं.

"बॅटऱ्या सांभाळा म्हणतात."

"एवढ्यासाठी तोंड असं झालंय? खरं सांग म्हाताऱ्या."

त्यानं किल्लीवर हात ठेवला. तिला समजलं.

नाताळापर्यंत सरासरी शहाऐंशीवर उतरली. याच वेगानं कार्निव्हलपर्यंत ती सत्तरीत जाणार, हे कळायला इंजिनिअर लागत नव्हता. त्याच आठवड्यात सातवं परिपत्रक आलं: 'उपकरणं वीस ते पंचवीस अंश अशा सामान्य तापमानात ठेवावीत.' नेमेसियोनं ते टोपीतल्या पत्राशेजारी ठेवलं आणि विचार करत बसला. बारा महिने वीस अंश असलेली जागा कोल्यारीत एकच होती, प्रिमितिवाचं स्वयंपाकघर.

रविवारी त्यानं सगळ्या डब्या उपटल्या. तलावाकाठच्या यंत्रांवरच्या डब्या सिप्रियानोनं आणून दिल्या. बोंब मारायची सोय बंदच होती. चुलीशेजारी क्विनोआचं मोठं पोतं होतं. त्या दाण्यांत त्यानं डब्या एकेक करून निजवल्या. घर भिंतीला लागून असल्यानं नकाशावर सगळे ठिपके यार्डातच दिसणार होते.

"हे काय?" प्रिमितिवा दारात उभी राहून म्हणाली.

"हळू बोल. झोपल्यात."

"आणि मी सूप कशाचं करू?"

"वरच्या वर घे. पोतं हलवू नकोस, जाग्या होतील."

त्या दिवसापासून तिला मिरची अंगणात वाटावी लागली, कारण वाटायच्या दगडाचा दणका डब्यांना सहन होत नव्हता. कुणी शिंकलं तरी नेमेसियो डोळे वटारायचा. "पोटची पोर तापानं फणफणली होती तेव्हा हा माणूस एवढा जपला नव्हता," ती सिप्रियानोला म्हणाली, पण दाणे काढताना तीही हात हलकाच ठेवी.

डब्या उबेला लागल्या आणि त्यांचे आकडे वर चढू लागले. थंडीत अर्धमेली दिसणारी बॅटरी उबेत शुद्धीवर येते, एवढंच त्यामागचं शास्त्र. सरासरी एक्क्याण्णववर स्थिरावली. सांताक्रूझहून अभिनंदनाचा फोन आला. यंत्रं रोज तलावांवर जात होती, राबत होती, चिखलात रुतत होती, आणि नकाशावर मात्र सहा आठवडे अख्खी कंपनी एका जागी गाढ झोपली होती. ही गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही, कारण आता सगळे बॅटरीच्या रकान्याकडं बघत होते. सरव्यवस्थापकांनी तर 'यार्डात शिस्त आली' असं म्हटल्याचं कळलं.

मग आला कार्निव्हलचा मंगळवार, चाल्याचा दिवस. या दिवशी धरणीमायेला पाजल्याशिवाय कोल्यारीत कुणी घोट घेत नाही. घर, ट्रक, शेळ्या, शिवणाचं मशीन, जे जे वर्षभर आपल्यासाठी राबलं त्याला कागदाच्या माळा घालायच्या, बिअर शिंपायची आणि अमंगळ पळावं म्हणून फटाके लावायचे. सकाळी नेमेसियोनं यार्डातल्या प्रत्येक यंत्राला बिअर पाजली, सतरा नंबरच्या जनरेटरलाही. दुपारी घरी आला तर प्रिमितिवा पोत्यासमोर माळा घेऊन उभी.

"नाही," तो म्हणाला.

"नाही कसं? दोन महिने माझ्या घरात राहतात, माझ्या क्विनोआत झोपतात. त्यांना उपाशी ठेवू?"

"जाग्या होतील गं."

"मग होऊ देत. सणाच्या दिवशी झोपतंय कोण? वर्षभर यांनी दगा दिला तर मला विचारायला येऊ नकोस."

इथं नेमेसियो अडकला. टोपीतल्या पत्राची भीती एका बाजूला आणि धरणीमायेची एका बाजूला. पत्र फार तर फाटक घेईल, ती काय घेईल कुणी सांगावं. अठरा वर्षांत त्यानं एकाही यंत्राला चाल्याविना ठेवलं नव्हतं. "बरं," तो म्हणाला, "पण हळू. एकेक करून. आणि फटाके नाहीत."

प्रिमितिवानं एकेक डबी उचलली, तिला माळ घातली, दोन थेंब बिअर शिंपली आणि "जा बाळा, चांगलं काम कर" म्हणून परत ठेवली. साठाव्या डबीपर्यंत हे ठीक चाललं. तेवढ्यात सिप्रियानो झुलत झुलत आत आला, "घरात फटाके नाहीत? चाल्या आहे की मयत?" म्हणाला आणि फटाक्यांची लांबलचक लड त्यानं पोत्याशेजारीच पेटवून दिली.

तिकडं सांताक्रूझमध्ये सरव्यवस्थापक कार्निव्हलच्या मिरवणुकीत डोक्यापासून पायापर्यंत जांभळ्या रंगात न्हाले होते. त्यांचा फोन शहाऐंशी वेळा थरथरला. सुट्टीच्या दिवशी कंपनीची सगळी यंत्रं एकाच क्षणी हलली होती. त्यांनी रंगानं माखलेल्या बोटानं नकाशा मोठा केला. लोडर, जनरेटर, बारा टनांची क्रेन, सगळे ठिपके एका खोलीएवढ्या जागेत एकमेकांभोवती गरगर फिरत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी रोका येऊन थडकला. केसांत कालचा हिरवा रंग, सोबत एक पोलीस हवालदार. प्रिमितिवानं त्यांना स्वयंपाकघरात नेलं. हवालदारानं पोत्यात हात घातला आणि माळ घातलेली, बिअरचा वास मारणारी बारा टनांची क्रेन बाहेर काढली.

"डॉन नेमेसियो, हे काय केलंत?" रोका मटकन बसला.

नेमेसियोनं टोपीतून सातवं परिपत्रक काढून त्याच्यासमोर धरलं. "वीस ते पंचवीस अंश. तुमचीच सही आहे, इंजिनिअर."

"पण मग यंत्रं कुठं आहेत? मला संध्याकाळपर्यंत सांगायचंय, नाहीतर चोरीची तक्रार होईल."

नेमेसियोनं डोळे मिटले. एकपासून सुरुवात केली आणि शहाऐंशीवर थांबला. कुठलं यंत्र कुठल्या तलावावर, कुठल्या कोपऱ्यात, काय दुखतंय, कोण चालवतंय. रोकानं लिहून घेतलं आणि दोन दिवस हवालदाराला घेऊन मैदान तुडवलं. सगळी यंत्रं सापडली. एक्केचाळीस नंबरच्या पंपाचं उजवं चाकसुद्धा नरमच होतं.

रोका वाईट माणूस नव्हता, फक्त नोकरदार होता. लाखमोलाची यंत्रणा धान्यात पुरून ठेवली होती, असं लिहिलं तर त्याची स्वतःची गच्छंती. प्रिमितिवाचं सूप पीत त्याच चुलीशेजारी बसून त्यानं अहवाल लिहिला: 'स्थानिक उष्णतेच्या साह्यानं बॅटरी-संवर्धनाचा केंद्रीय प्रयोग. सरासरी नव्वद टक्के. यशस्वी.'

"आता काळजी नको," निघताना तो नेमेसियोला म्हणाला. "ऐंशीची अट होती, आपण नव्वद गाठले."

नेमेसियो त्या रात्री कितीतरी महिन्यांनी घोरला.

तीन आठवड्यांनी कार्यालयाचा आदेश आला. प्रयोग यशस्वी झाला असून यंत्रणा आता स्वतःच्या पायावर उभी आहे, इतक्या उत्तम बॅटरीच्या यंत्रणेला माणसाची देखरेख लागत नाही, सबब यार्डरक्षकाचं पद रद्द. मात्र डब्यांना ऊब लागते. म्हणून 'उष्णता-संवर्धन सहायिका' असं नवं पद निर्माण करून त्यावर डोन्या प्रिमितिवा यांची नेमणूक करण्यात येत आहे.

प्रिमितिवानं आदेश चुलीत घालायला हात पुढं केला, तो नेमेसियोनंच धरला. "राहू दे. एकाला तरी ठेवलंय." किल्ली न्यायला आलेल्या माणसाला तारेची गाठ सुटेना, अठरा वर्षांत ती कुणी सोडलीच नव्हती. शेवटी पकडीनं तार तोडली. फाटकाला नवं कुलूप बसलं, बॅटरीवर चालणारं, सांताक्रूझहून उघडणारं. बॅटरी वाचावी म्हणून तेही संध्याकाळी सहा ते सकाळी आठ झोपायचं.

नेमेसियो आता चुलीशी बसून असायचा. यंत्रं कुठं आहेत ते कार्यालयाला ठाऊक नव्हतं, म्हणून कामगार चहाच्या निमित्तानं खिडकीशी येत. कुणी विचारून जाई, कुणी सांगून जाई. कमरेला रिकाम्या जागी त्याचा हात सारखा जायचा.

मार्चच्या अखेरीस, तिथला पावसाळा सरल्यावर, अवचित पाऊस कोसळला. पहाटे सहाला रोकाचा फोन आला.

"डॉन नेमेसियो, बांध फुटतोय म्हणून वायरलेसवर ओरडतायत. दोघं जण एक्केचाळीस नंबरच्या पंपावर चढून बसलेत. कुठल्या बांधावर ते ऐकू येत नाही. नकाशा म्हणतो, एक्केचाळीस नंबर तुमच्या स्वयंपाकघरात आहे."

नेमेसियोच्या मनात आलं, सांगावं की आता ते खातं बाईंकडं आहे. तेवढं बोलायचा हक्क त्यानं नक्की कमावला होता. पण त्यानं डोळे मिटले.

"मंगळवारी हलवलाय. नवव्या तलावाचा दक्षिण बांध. लोडर लागेल आणि साखळी. दोन्ही यार्डात आहेत."

"पण कुलूप आठशिवाय उघडणार नाही. ते झोपलंय. इथूनही उठत नाही."

नेमेसियोनं फोन ठेवला, सिप्रियानोला हाक मारली आणि मागच्या भिंतीला शिडी लावली. ज्या भिंतीवरून अठरा वर्षांत त्यानं मांजर चढू दिलं नव्हतं, त्या भिंतीवरून बासष्टाव्या वर्षी तो स्वतः आत उतरला. सिप्रियानोनं लोडर चालू केला आणि फाटकापाशी येऊन थांबला.

"आता?"

नेमेसियोनं फाटकावरून एकदा हात फिरवला. बिजागऱ्यांना तेल त्यानंच घातलं होतं, रंग त्यानंच दिला होता.

"पाड," तो म्हणाला.

दोघंही माणसं वाचली. पंप गेला. पावणेआठला नेमेसियो चिखलानं माखून परतला, तेव्हा फाटक आडवं पडलं होतं आणि त्यातलं कुलूप शाबूत होतं. आठला ते वेळेवर जागं झालं आणि त्यानं सांताक्रूझला कळवलं, फाटक बंद आहे, बॅटरी सत्त्याण्णव टक्के. तिकडून उलट टपाली शाबासकी आली.

नेमेसियो घरात गेला आणि चुलीजवळची खुर्ची उचलून बाहेर आला.

"कुठं निघालास?" प्रिमितिवानं विचारलं. "चहा तरी घे. तुला आता तिथं कोण विचारतंय?"

"कुणी नाही," तो म्हणाला. "पण फाटक उघडं आहे ना."

जिथं फाटक होतं त्या मोकळ्या जागेत त्यानं खुर्ची मांडली आणि तिच्यावर बसला. थोड्या वेळानं ती चहा तिथंच घेऊन आली.